दुसऱ्यांच्या चुली

पाककृती लिहिणारे एक गोष्ट हमखास गिळतात. साहित्य ग्रॅममध्ये देतात, ओव्हनचं तापमान देतात, पण तो पाव मुळात कसल्या अडचणीतून जन्माला आला, ते काही सांगत नाहीत. सुट्टीच्या दिवशी परक्या मुलखातले पाव घरी भाजायचा मला नाद आहे. तो जसा वाढला, तसं माझं मत पक्कं होत गेलं: या पावांच्या मुळाशी हौस थोडी आणि नड फार.

आयरिश सोडा ब्रेडचंच बघा. आयर्लंडच्या गार, ओल्या हवेत पिकतो तो गहू मऊ, पिठाला चिवटपणा देणारं ग्लुटेन हे प्रथिन कमी. यीस्ट घालून फुगवू म्हटलं तर पीठ ताणच धरत नाही. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा हाती आला. लोणी काढून उरलेलं आंबट ताक घरात होतंच. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाव फुगतो. मळायची गरज नाही, तासन्‌तास झाकून ठेवायची नाही. घरोघरी भट्टी कुठली असायला? झाकणाचं बिडाचं भांडं विस्तवावर आणि झाकणावरही निखारे, झाली भट्टी.

पहिल्यांदा केला तेव्हा मी सवयीनं पीठ दहा मिनिटं चांगलं तिंबलं, वर अर्धा तास झाकून ठेवलं. ओव्हनमधून निघाला तो वरवंटा. सोड्याचा सगळा दम ओव्हनमध्ये जायच्या आधीच संपला होता. आता ४५० ग्रॅम मैदा, चमचाभर सोडा, चमचाभर मीठ कोरडंच कालवते, मधे आळं करून ३५० मिली ताक ओतते आणि बोटं फाकवून ताठ ठेवून दोन-तीनदा गोल फिरवते. बस्स. गोळा ओबडधोबड दिसतो, हात चिकट होतात, आणि ते तसंच सोडून देणं मला फार जड जातं. वर सुरीनं खोल फुली मारायची. आयर्लंडमध्ये म्हणतात, त्या चिरेतून पऱ्या बाहेर पडतात. उष्णताही त्याच वाटेनं आत शिरते. मग २२० अंशांवर पंधरा मिनिटं, २०० वर आणखी तीसेक. पाव उलटा धरून बुडावर बोटाच्या पेरानं टकटक करायची. पोकळ आवाज आला की झाला. घड्याळापेक्षा माझा त्या आवाजावर भरवसा जास्त.

आइसलंडात नड सरपणाची. झाडं तुरळक, पण जमीन जागोजागी उकळती. लौगरवत्न नावाच्या तळ्याकाठी राई या धान्याच्या (मोहरी नव्हे) पिठाचं भांडं तापलेल्या काळ्या वाळूत पुरतात आणि चोवीस तासांनी उकरून काढतात. घरात ही सोय नसल्यामुळे मी डबा घट्ट झाकून शंभर अंशांवर रात्रभर ठेवते. सकाळी निघतो तो पाव काळपट, ओलसर, गोडसर, कवच जवळजवळ नाहीच. त्याला तिकडे ‘गडगडाटी पाव’ असंही म्हणतात. कारण पोटाला विचारावं.

फ्रेंच ‘बागेत’ (बागेशी संबंध नाही) या काठीसारख्या लांब पावाच्या वाटेला मी जात नाही. त्याला भट्टीत वाफ लागते, आणि फ्रान्सनं तर १९९३ मध्ये फर्मानच काढलं की पारंपरिक म्हणून विकायच्या पावात टिकाऊपणाची रसायनं वगैरे काही चालणार नाही. इतक्या कायदेशीर पावाशी घरात कोण झगडणार!

माझा खरा जीव इथिओपियाच्या इंजेरावर, म्हणजे टेफच्या पिठाच्या डोशासारख्या पावावर. टेफ हे धान्य जेमतेम एक मिलिमीटरचं, आणि त्यात ग्लुटेन नाही. पीठ दोन-तीन दिवस आंबवतात. वर येणारं पिवळसर पाणी पुढच्या खेपेला विरजण म्हणून राखून ठेवतात. मग एक नामी युक्ती: आंबलेल्या पिठातलं थोडं पाण्यात शिजवून खळीसारखं करायचं आणि परत पिठात मिसळायचं. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, ग्लुटेनची उणीव थोडी भरून निघते. हे वाचून मी चमकले, कारण जपानी दुधाळ पावासाठीही थोडा मैदा आधी उकळत्या पाण्यात भिजवतात, तो मऊपणासाठी. (जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात. ते ‘पान’ आणि आपला ‘पाव’, दोन्हींचं माहेर पोर्तुगीज.) जगाच्या दोन टोकांना, एकमेकांना न विचारता, तीच खळ!

इंजेरा बाहेरून आत गोल धारेनं ओतायचा. क्षणभर काही होत नाही, मग पांढुरक्या ओल्या पिठावर पटापट भोकं उमलतात, शेकडो. त्यांना तिकडे ‘डोळे’ म्हणतात. मग झाकण. इंजेरा उलटायचा नसतो, एकाच बाजूनं भाजायचा. हे मला पाठ आहे, हाताला नाही. तव्यावर काही गोल दिसलं की उलथनं आपोआप पुढे जातं आणि पहिल्या इंजेराचे सगळे डोळे मिटतात. तो मी ओट्यापाशी उभ्यानंच खाऊन टाकते आणि दुसरा ओतायच्या आधी उलथनं फडताळात ठेवून देते.