शेवभाजी, तापी आणि समुद्राचं मीठ

परवा शेवभाजीत मीठ जास्त पडलं. आई म्हणे "भाजी खारी व्हयनी", आणि लगेच पेलाभर गरम पाणी रश्श्यात ओतून उकळी आणली, झालं काम. तेवढ्यात व्हॉट्सअपवर मेसेज, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, तापीकाठच्यांनी सावध रहा. मला उगाचच वाटलं की हे पण तेच चाललंय, फक्त पातेलं मोठं आहे.

म्हणजे बघा, मुलताईहून निघालेली तापी भुसावळ, मग आमच्या शिरपूरजवळून, प्रकाशा करत 724 किमी जाऊन सुरतपाशी समुद्रात पडते. समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ, म्हणजे सहा-सात चहाचे चमचे (आईचा हात एवढा सैल नाही बरं का). पुराचं पाणी आलं की मुखाजवळचा खारटपणा उतरतो, पण लगेच मिसळत नाही, गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, अगदी आपल्या तर्रीसारखं. अर्थात खंबातच्या आखातात भरती-ओहोटी एवढी दांडगी, की तीच डाव घेऊन सगळं ढवळून टाकते.

खरी मजा बंगालच्या उपसागराची आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी सगळ्या तिकडेच ओततात, म्हणून तो अरबी समुद्रापेक्षा कमी खारट, आपल्याकडे नद्या कमी आणि वाफ जास्त. मग नोव्हेंबर-डिसेंबरात पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि ते अळणी पाणी श्रीलंकेला वळसा घालून पार केरळ-लक्षद्वीपपर्यंत आणतो. त्यात थोडी नाशिकची गोदावरी पण असेलच की! त्र्यंबकहून अरबी समुद्र जेमतेम 80 किमी, पण बाईसाहेब तिकडे पाठ फिरवून निघाल्या त्या एवढा लांबचा फेरा मारून येणार.

उन्हाळ्यात सगळं उलटं. पाणी वरती उकाई धरणात अडलेलं, खाली नदी बारीक, मग भरतीचं खारं पाणीच नदीत वर चढायला बघतं, म्हणून सुरतेत नदीत आडवा बंधारा घातलाय, प्यायच्या पाण्यात मीठ नको म्हणून.

सुरतेजवळ डुमसच्या समुद्रकिनारी मी एकदा मे महिन्यात गेलो होतो, बोट बुडवून चाखलं, थू थू! आता पुरानंतर जाऊन परत चाखायचंय. आई म्हणते खारटच लागेल रे येड्या, डबा देऊ का सोबत. मी म्हटलं दे, पण शेवभाजी नको.