सेंट पॉल्समधले चार स्क्रीन

लंडनला सेंट पॉल्स कॅथेड्रल बघायचं ते घुमटासाठी, आम्हीपण त्यासाठीच गेलो होतो. नवऱ्याला व्हिस्परिंग गॅलरीत, म्हणजे घुमटाच्या आतल्या गोल सज्ज्यात, चढायचंच होतं, २५७ पायऱ्या, माझे गुडघे म्हणाले तू जा बाबा, मग मी खालीच रेंगाळत बसले.

वेदीच्या उजव्या अंगाच्या गल्लीत शिरले तर समोर चार उभे स्क्रीन, शेजारी शेजारी. आधी वाटलं माहितीचे बोर्ड असतील, पण नाही. एकात मातीचा ढीग, एकात दोरांनी बांधलेली बाई, एकात खुर्चीत बसलेला माणूस आणि शेवटच्यात पाय बांधलेला एकजण जमिनीवर पडलेला. सगळं स्तब्ध. मग हळूच माती वर उडायला लागली, म्हणजे पडत नाही हं, उलटी वर जाते, आणि आतून माणूस दिसायला लागतो! बाई वाऱ्याने हेलकावे खाते, खुर्चीभोवती आगीचे गोळे पडतात, चौथा उलटा टांगला जातो आणि त्याच्यावर पाण्याचा लोंढा. आवाज मात्र शून्य. कॅथेड्रलमधली कुजबुज, बुटांचे आवाज तेवढे ऐकू येतात आणि समोर एवढी आग लागलेली.

हे व्हिडिओ कलाकार बिल व्हायोलांचं 'मार्टर्स' (म्हणजे हुतात्मे), २०१४ सालचं, पत्नी किरा पेरोव्ह यांच्यासोबत केलेलं. एक फेरी साधारण सात मिनिटांची. रात्री हॉटेलवर वाचत बसले तर कळलं, माणूस न्यूयॉर्कचा पण जपानात राहून झेन शिकलेला, सूफी आणि ख्रिस्ती संतांचं वाचन दांडगं, आणि सहा वर्षांचा असताना तळ्यात बुडता बुडता वाचलेला, तेव्हा पाण्याखाली भीती नाही तर सुंदर वाटलं होतं म्हणे. तो पाण्यातला माणूस इतका शांत का, ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. (२०२४ च्या जुलैमध्ये व्हायोला गेले, बातमी वाचून पहिल्यांदा तोच डोळ्यांसमोर आला.)

तिथे उभी असताना मात्र माझं भलतंच चाललं होतं. पृथ्वी, वायू, अग्नी, आप... चारच? आपली तर पाच! आकाश कुठाय? तिसऱ्या फेरीला लक्षात आलं, शेवटी चौघांवर वरून उजेड पडतो आणि ते मान वर करून बघतात. त्यांनी पाचवं मोजलं नसेल, मी मोजलं.

तेवढ्यात नवरा धापा टाकत खाली आला, "एवढ्या लांब येऊन टीव्ही बघतेयस होय?"

"गप उभा राहा सात मिनिटं."

चौदा मिनिटं उभा होता.