सेन्सर ८५ दाखवतोय

सांगलीत विश्रामबागला एक काकू घरीच कोम्बुचा बनवतात, म्हणजे चहा-साखरेचं पाणी स्कोबी, म्हणजे जिवाणू आणि यीस्टचं विरजण, घालून आंबवायचं आणि मग आलं नाहीतर तासगावची द्राक्षं घालून बाटल्या भरायच्या. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डावर अख्खा कंट्रोलर बांधून दिलेला, चहा उकळायच्या स्टीलच्या टाकीत २ किलोवॅटचा हीटर, पाणी फिरवायला पंप, आंबवायच्या टाकीला ऊब द्यायचा हीट बेल्ट आणि आत तापमान मोजणारा डीएस१८बी२० सेन्सर, मोबाईलवर सगळं दिसतं. पोरानं मन लावून केलेलं काम होतं, कोड तर मला फार आवडला.

जानेवारीत थंडी पडली आणि काकूंचा फोन आला. "बाळा, मोबाईलवर मधेच गप होतंय, आणि टाकी सकाळी बघावं तर गारच. माल आंबट व्हायलाच तयार नाही." कोम्बुचाला साधारण २४ ते २९ डिग्री लागतात, त्याच्या खाली गेलं की सगळं मंदावतं, त्यामुळे त्यांची काळजी बरोबरच होती. सगळ्यांनी राउटरला दोष दिलेला, राउटर बदलून झालेला, एक्स्टेंडरही आणलेला, तरी तेच.

मी आधी मोबाईलमधला ग्राफ बघितला. रात्रभर २२-२३ डिग्री, आणि मधेच एकदम ८५, परत २२, परत ८५. इथे मला धागा सापडला. हा सेन्सर चालू झाल्या झाल्या, पहिलं मोजमाप व्हायच्या आधी, त्याच्या मेमरीत ८५ च असतो. वायर पूर्ण तुटली असती तर सेन्सर वाचणाऱ्या तयार कोडने, म्हणजे लायब्ररीने, -१२७ दाखवलं असतं. म्हणजे सेन्सर कंट्रोलरशी बोलत होता पण मोजायला पुरेसा करंट त्याला मिळत नव्हता. आणि कंट्रोलर बिचारा ८५ खरं मानून बेल्ट बंद करत होता, म्हणून टाकी गार.

मग लॅपटॉप काढला, बोर्डाला वीज देणाऱ्या चार्जरची केबल काढून लॅपटॉपची लावली आणि बोर्डाचे मेसेज दाखवणारा सिरियल मॉनिटर उघडून बसलो तर काहीच होईना, पंप चालू, बेल्ट चालू, वायफाय एकदम पक्कं, काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या "तू आलास की बरं होतंय बघ." पण लॅपटॉप लावला म्हणजे सप्लायच बदलला ना! चार्जर आणि त्याची ती लांबलचक बारीक केबल दोन्ही बाजूला झाली, म्हणून सगळं सुरळीत. मग चार्जर परत लावला आणि लॉग बघायला, बोर्डाचे मेसेज लॅपटॉपला पोचवणारं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल घेऊन बोर्डाचा टीएक्स त्याच्या आरएक्सला आणि ग्राउंडला ग्राउंड अशा दोनच वायरी जोडल्या, म्हणजे वीज चार्जरचीच राहिली. पंपाचा रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर चालणारा स्विच, ओढला, बेल्टचा ओढला, टिकटिक झाली आणि स्क्रीनवर ओळ आली, ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड, म्हणजे बोर्डाला व्होल्टेज कमी पडलं. वायफाय तुटतच नव्हतं, बोर्डच रिसेट होत होता.

मल्टिमीटरवर बोर्डाशी ४.४ व्होल्ट दिसत होते, ते बघून पुष्कळ जण चालतंय म्हणून सोडून देतील. पण मीटर सरासरी दाखवतो, क्षणाचा खड्डा त्याला दिसत नाही. व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा छोटा स्कोप लावला तर वायफाय पॅकेट पाठवतानाच्या झटक्याला व्होल्टेज ४ च्याही खाली जात होतं. रिलेची एकेक कॉइल ७० मिलीअँपच्या आसपास घेते, त्यात वायफायचा झटका, आणि बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरला वर साधारण एक व्होल्ट जास्त लागतोच. सेन्सरचं दुखणं वेगळं निघालं, पंपाच्या हादऱ्याने कनेक्टरमधली लाल वायर सैल झालेली, त्यामुळे तो डेटाच्या वायरीतूनच थोडा करंट ओढून कसाबसा जगत होता.

पाच व्होल्ट तीन अँपचा एसएमपीएस, म्हणजे दमदार पॉवर सप्लाय, डब्यात बसवला, रिलेच्या कॉइलची वीज बाकी सर्किटशी जोडणारा रिलेबोर्डचा जेडी-व्हीसीसी जंपर काढून त्याला वेगळी जाड वायर दिली, क्षणाचा खड्डा भरून काढायला ईएसपीजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सेन्सरला नवीन कनेक्टर. मुलाला फोन करून कोडमध्ये ८५ किंवा -१२७ आलं तर रीडिंग फेकून द्यायची अट घालायला सांगितली, त्याने तिथूनच अपडेट पाठवलं.

इथे काम संपलं असतं, पण डबा बंद करताना मला उकळायच्या टाकीचं अर्थिंग दिसेना. हीटरची वायर दोनच तारांची, टाकीच्या बॉडीला हिरवी वायर नाहीच. काकूंना विचारलं, टाकीला हात लावल्यावर काही होतं का? तर म्हणाल्या, "डाव घालून ढवळताना बोटाला मुंग्या येतात रे, मला वाटलं वय झालं." माझ्या अंगावर काटा आला. रबरी चप्पल घालून त्या तिथे उभ्या राहायच्या म्हणून निभावलं होतं!

मी सरळ सांगितलं की हे केल्याशिवाय मी स्विच लावणार नाही, पैसे नका देऊ पण हे होऊ द्या. टाकीला नवीन अर्थ ओढला, वीज गळाली की लगेच सप्लाय तोडणारा ३० मिलीअँपचा आरसीसीबी बसवला, आणि हीटर चालू-बंद करणारा एसएसआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक रिले, बिघडला की बहुतेक वेळा चालूच राहतो म्हणून त्याच्या आधी एक काँटॅक्टर, म्हणजे मोठा रिले, घातला. हीटरचा स्विच टाकला आणि आरसीसीबी लगेच पडला. परत टाकला, परत पडला. इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला तर हीटरच्या एलिमेंटचं इन्सुलेशन गेलेलं. काकू म्हणत होत्या बाकीचं चाललंय ना मग हीटर पुढच्या महिन्यात बघू, मी जुनं एलिमेंट हातात घेऊनच गाडीला किक मारली आणि गणपती पेठेतनं त्याच मापाचं नवीन आणलं. ते बसवून, मेगरने तपासून, आरसीसीबीचं टेस्टचं बटण काकूंकडूनच दाबून घेतलं. आता त्या दर महिन्याच्या एक तारखेला ते बटण दाबतात आणि मला मेसेज टाकतात, "पडलं बाळा."