क्यूच्या पाठोपाठ यू नको: तिसऱ्या महिन्याची नोंद

इंग्रजी स्क्रॅबलसाठी, म्हणजे अक्षरांच्या टाइल्सनी बोर्डावर शब्द मांडायच्या खेळासाठी, शब्द पाठ करण्याचा हा तिसरा महिना. या महिन्यात एकच अक्षरक्रम घेतला: क्यू, आणि त्याच्या पाठोपाठ यू सोडून दुसरं कुठलंही अक्षर. स्क्रॅबलच्या १०० टाइल्समध्ये क्यू एकच आणि यू चार. चारही यू बोर्डावर गेले की क्यू हातात अडकतो, आणि डाव संपला की त्याचे १० गुण वजा होतात. आजवर मी अशा वेळी मुकाट्याने टाइल बदलून घ्यायचो आणि एक पाळी घालवायचो.

यादी कॉलिन्सच्या शब्दसूचीतून काढली, कारण आपल्याकडच्या स्पर्धा तीच मानतात. क्यूआय हा दोन अक्षरी शब्द सगळ्यांना पाठ असतो, तो सोडून दिला. पुढचे शब्द उतरवताना मात्र लक्षात आलं की यातले कितीतरी शब्द माझ्या घरातलेच आहेत. फकीर, तलाक, काझी, वक्फ, कव्वाली, कोर्मा, कलमदान. मुकादमसुद्धा! ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम इंग्रजी शब्दसूचीत सापडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याचं स्पेलिंग एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम. आपण एकच द म्हणतो, तिथे डी दोन लागतात. कव्वालीत डब्ल्यू दोन, म्हणजे टाइल्सच्या पिशवीतले दोन्ही डब्ल्यू.

अरबीत क सारखे दोन वर्ण आहेत. एक आपल्या क चाच, दुसरा घशात खोलवर उच्चारायचा, तो क़ाफ. रोमन लिपीत लिहिताना बऱ्याच ठिकाणी क़ाफला क्यू मिळाला. मराठीत आपण दोन्हींचा क करून टाकला (बुरख्यात तर ख), त्यामुळे मराठी कानाला क्यू कुठे आणि के कुठे ते कळत नाही. मी आता हिंदीत नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) कुठे देतात ते आठवतो: फ़क़ीर, तलाक़, क़ाज़ी. नुक्ता असलेल्या क च्या जागी आधी क्यू लावून बघायचा. नियम शंभर टक्के चालत नाही. किस्मत मूळची क़ाफचीच, पण इंग्रजीत ती के घेऊन आली. उलट फकीर, कोर्मा, बुरखा हे के आणि क्यू दोन्हींनी चालतात, आणि काझीला तर सी, के, क्यू तिन्ही चालतात. अशी पर्यायी स्पेलिंगं मी वहीत शेजारी शेजारी लिहिलीत, त्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला.

मागच्या रविवारचा डाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली पाळी माझी. रॅकवर ए, बी, आय, आय, एल, एन, क्यू. यू नाही, कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी कोरी टाइलही नाही. हात पिशवीकडे गेला होता. मग सवयीप्रमाणे टाइल्स वर्णानुक्रमे लावल्या, क्यूच्या पुढे आय सरकवला, आधी आय-एन ठेवले, आणि समोर उभा राहिला इन्किलाब! सातही टाइल्स. आडवा शब्द डावीकडून दुसऱ्या घरापासून मांडला, म्हणजे क्यू बरोबर दुप्पट अक्षराच्या घरात आणि शेवटचा बी मधल्या ताऱ्यावर, जिथे अख्ख्या शब्दाचे गुण दुप्पट होतात. क्यूचे २०, बाकीचे ८, मिळून २८, ताऱ्यामुळे ५६, वर बिंगोचे, म्हणजे सातही टाइल्स एकदम लावल्याचे ५०. पहिल्याच पाळीत १०६. समोरच्याने आव्हान दिलं, शब्द तपासला, ग्राह्य निघाला. माझे हात चक्क थरथरत होते.

अजून नकाब चुकतो. तोंडात ‘न’ हा उच्चार बसलाय म्हणून हात एनच्या पुढे ए ठेवतो, तिथे आय हवा: एन-आय-क्यू-ए-बी. बुरखाही तीन तऱ्हांनी लिहिता येतो, बी-यू-आर नंतर के-ए, के-एच-ए किंवा क्यू-ए, आणि घाईत मी त्यांची खिचडी करतो. सध्या हे दोन शब्द रोज सकाळी पाच वेळा टाइल्सनी मांडतोय. पुढच्या महिन्यात शेवटी क्यू येणारे घेणार आहे. तलाक आणि सुक (एस-यू-क्यू, म्हणजे बाजार) झालेत. तुमच्या वहीत आणखी असतील तर पाठवा, अर्थासकट.