गाडी कधीच गरम होत नाही

गेल्या जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची यात्रा ऐन भरात असताना, मी २०१२ सालची एक डिझेल सेडान विकत घेतली. मीटरवर १ लाख ४६ हजार किलोमीटर होते. गाडी पाहायला गेलो तेव्हा तिच्या मालकांनी तिचा एक गुण दोनदा सांगितला : "एसी लावून भर मे महिन्यात पुण्याला न्या, ही गाडी कधीच गरम होत नाही." ऐकून मलाही हायसे वाटले. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जाणाऱ्या गावात जुन्या गाडीला यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र कोणते असणार? त्या वाक्याचा खरा अर्थ कळायला मला दोन महिने लागले, आणि तो कळेपर्यंत तेलापाण्याविषयी मी केलेला बराचसा विचार कच्च्या पायावर उभा होता.

सर्व्हिसच्या पुस्तिकेत ६० हजार किलोमीटरपर्यंतचे शिक्के होते आणि पुढची पाने कोरी होती. "सगळं वेळेवर केलंय, फक्त लिहून ठेवलेलं नाही," असे मालक म्हणाले; ते खोटे बोलत होते असे मला आजही वाटत नाही. पण माझे काम हिशेबतपासणीचे आहे आणि ज्याची पावती नाही तो खर्च झालाच नाही असे धरण्याची सवय आता अंगात मुरली आहे. त्यामुळे रूपाभवानीला नारळ फोडून गाडी घरी आणली त्याच संध्याकाळी मी एक वही घातली, पहिल्या पानावर मीटरचा आकडा लिहिला, आणि गाडीतले प्रत्येक ऑइल, पाणी आणि फिल्टर शून्यापासून सुरू करायचे ठरवले.

इंजिन १२४८ सीसीचे, फियाटच्या घराण्यातले. फियाट, टाटा आणि मारुती या तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत ते बसत असल्यामुळे हौशी मंडळी त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. जुनी गाडी घेणाऱ्याला याचा फायदा असा, की त्याचे सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळतात आणि त्याची नस ओळखणारा मिस्त्री प्रत्येक पेठेत सापडतो. माझे मिस्त्री अक्कलकोट रोडला बसतात. वयाने माझ्याहून मोठे असल्याने मी त्यांना अण्णा म्हणतो. ते मला, सोलापूरच्या रिवाजाप्रमाणे, मालक म्हणतात.

पहिला वाद इंजिन ऑइलवर झाला. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिले होते आणि अण्णांनी २०डब्ल्यू-५० चा डबा समोर ठेवला. "मालक, दीड लाख पळालेलं इंजिन, वर आपलं ऊन. पातळ ऑइल टिकायचं नाही." हा युक्तिवाद इतका सर्रास केला जातो की त्याचा थोडा विस्ताराने विचार करायला हवा. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहते ते दाखवतो. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसवर मोजलेल्या दाटपणाचा असतो. बाहेर जानेवारीचे १५ अंश असोत की मेचे ४३, चालत्या इंजिनातले पाणी थर्मोस्टॅटमुळे, म्हणजे तापमान पाहून रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या व्हॉल्व्हमुळे, नव्वदीच्या आसपासच राहते, म्हणून बाहेरच्या उन्हासाठी तेल दाट करण्याला फारसा अर्थ उरत नाही. उलट या इंजिनात टायमिंग चेनचा ताण तेलाच्या दाबाने सांभाळला जातो, व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबानेच भरून निघते आणि टर्बोकडे जाणारी तेलाची नळी बारीक असते. सकाळी चावी फिरवल्यावर या साऱ्या ठिकाणी तेल लवकर पोहोचायला हवे, आणि दाट तेल नेमके तिथेच उशीर करते.

अण्णांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे मात्र नाही. इंजिन तेल पिऊ लागले, डिपस्टिकवरची, म्हणजे तेल मोजण्याच्या पट्टीवरची, पातळी दर हजार किलोमीटरला डोळ्यांदेखत उतरू लागली, तर एक पायरी वर, म्हणजे ५डब्ल्यू-४० वर जाणे मलाही मान्य आहे. पण ते मोजल्यानंतर. केवळ मीटरचा आकडा पाहून नव्हे. मी ८०० किलोमीटर चालवून दर तिसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सपाट जागी आणि थंड असताना, डिपस्टिक पाहिली होती. पातळी उतरलेली नव्हती. उतरली तर नाहीच, उलट केसभर चढल्यासारखी वाटत होती. ती नजरचूक समजून मी सोडून दिली. वहीत मात्र लिहून ठेवली.

फेब्रुवारीत ऑइल बदलले. जुने तेल डांबरासारखे काळे निघाले, पण डिझेल इंजिनात नवे तेलही काजळीने काही दिवसांतच काळे पडते, त्यामुळे रंगावरून काही ठरवू नये. मी दोन बोटांत चोळून पाहिले. त्यात धातूचा चुरा नव्हता, पाणी शिरल्यावर येतो तसा दुधाळ चहाचा रंग नव्हता. पण ते अपेक्षेपेक्षा पातळ होते आणि त्याला डिझेलचा स्पष्ट वास येत होता. अण्णांनीही बोट हुंगले आणि एकच शब्द उच्चारला : "इंजेक्टर." म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग. त्या शब्दामागचा खर्च ज्याला ठाऊक आहे त्याला माझी त्या रात्रीची झोप कशी लागली असेल ते सांगायला नको.

इंजिन फ्लशचे रसायन टाकण्याचा आग्रह मी मोडून काढला. आत किती गाळ साठला आहे याची कल्पना नसताना तो एकदम सुटला, तर तळातल्या जाळीत अडकून तेलाचा मार्गच बंद होण्याची भीती असते. त्यापेक्षा चांगले तेल घालून पहिला बदल ३ हजार किलोमीटरवर करणे आणि गाळ हळूहळू बाहेर काढणे मला सुरक्षित वाटले. जुनी माणसे दर ५ हजारांवर ऑइल बदला म्हणतात त्याला कधी काळी दुसरेही कारण होते. डिझेलमधले गंधक जळून आम्ल तयार होते आणि ते मारण्यात तेलाची शक्ती खर्च होते. बीएस-३, म्हणजे भारत स्टेज या प्रदूषण-मानकाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या, डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५०) चाले, बीएस-४ मध्ये ५० पर्यंत, आणि एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये १० पर्यंतच. २०१० साली ज्या मोजक्या शहरांत बीएस-४ आधी आले त्यांत आपले सोलापूर होते, ही गोष्ट आपल्याच गावात फारशी कुणाला आठवत नाही.

बाकीच्या द्रवांचे काम एका शनिवारात उरकले. गिअर ऑइलच्या बाबतीत डब्यावर जीएल-४ लिहिलेले आहे ना, एवढे पाहावे. जीएल-५ नंबराने मोठे म्हणून चांगले, असे नसते, कारण त्यातली गंधकयुक्त रसायने गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोना, म्हणजे गिअर जुळवणाऱ्या कड्यांना, त्रासदायक ठरू शकतात. दुसरी काळजी म्हणजे खालचा बोल्ट सोडण्यापूर्वी वरचा, तेल भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहणे. जुने तेल जमिनीवर आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला, अशी अवस्था झाली तर गाडी जागची हलत नाही. स्टीअरिंग विजेवर चालणारे असल्याने तिथे ऑइलचा प्रश्नच नव्हता. एअर फिल्टरच्या घड्या उघडल्या तेव्हा त्यांतून बारीक पांढरी धूळ आणि ज्वारीचे दोन-तीन कोंडे पडले. मळणीच्या दिवसांत मंगळवेढ्याच्या रस्त्यावर ज्याने गाडी चालवली असेल त्याला त्याचे नवल वाटणार नाही.

ब्रेक ऑइलकडे मात्र मी जास्त लक्ष दिले, कारण त्याकडे कोणीच देत नाही. नावात ऑइल असले तरी ते तेल नव्हे. ते हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरले की तीच मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. तुळजापूरचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याच्या चाकांपाशी एवढी उष्णता सहज तयार होते, द्रव उकळून वाफ होते आणि पेडल मऊ पडते. माझ्या गाडीतून निघालेला द्रव कोऱ्या चहाच्या रंगाचा होता. सीलबंद छोटा डबा आणून चारही चाकांतून जुना द्रव काढला; उरलेला अर्धा डबा अण्णांनी पुढच्या गाडीसाठी ठेवू का म्हणून विचारले, तेव्हा मी तो ठेवू नका असे सांगितले, आणि त्यांना ते थोडे उधळेपणाचे वाटले.

उरले पाणी. बॉनेट उघडल्यावर कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीत हिरवा किंवा लाल असा रंग दिसायला हवा. माझ्या गाडीत फिकट पिवळे पाणी होते आणि टाकीच्या झाकणाखाली पांढरा, खरखरीत थर बसलेला होता. तो थर मी लगेच ओळखला, कारण आमच्या बोअरच्या नळावर, गिझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या फरशीवर तोच असतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. गोठू न देणे हे त्याचे एक काम. आपल्या उपयोगाची कामे दोन : उकळण्याचा बिंदू वाढवणे, आणि ॲल्युमिनियम, लोखंड, रबर एकाच पाण्यात असताना त्यांना गंज आणि क्षारांपासून वाचवणे. बोअरचे पाणी नेमके उलटे करते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसत जातात, गाडी तापू लागते, आणि मग तिच्यावर जो उपाय केला जातो तो मला पुढे पाहायला मिळाला.

मार्चमध्ये भाचा आला होता. त्याने स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनरचा छोटा खडा लावला आणि इंजिनचे आकडे मोबाइलवर घेतले. आम्ही मोहोळच्या दिशेने निघालो. सोलापूर सोडेपर्यंत पाण्याचे तापमान ७६ वर चढले आणि हायवेला ऐंशीच्या वेगाने वारा लागताच ते उतरत उतरत ६३ वर येऊन थांबले. "मामा, ही गाडी गरम होतच नाही," भाचा म्हणाला. तेच वाक्य, पण या वेळी दोषारोपाच्या सुरात.

अण्णांनी थर्मोस्टॅट उघडला. त्याचे बाहेरचे घर जागेवर होते, आतला व्हॉल्व्ह कापून काढलेला होता. कधी तरी रेडिएटर चोंदल्यामुळे गाडी तापली असणार आणि कोणी तरी रेडिएटर साफ करण्याऐवजी पाण्याचा अडसरच काढून टाकला. हे आपल्याकडे इतके रूढ आहे की अण्णांना त्याचे काहीच वाटले नाही. पण त्यामुळे पाणी अखंड रेडिएटरमधून फिरत राहते, इंजिन आपल्या तापमानाला येतच नाही, गाडीतला संगणक ते अजून थंडच आहे असे समजून डिझेल जास्त सोडतो, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात मिसळते. तेलाचा वास, त्याचा पातळपणा, डिपस्टिकवरची केसभर चढण आणि १५ च्या पुढे न जाणारे ॲव्हरेज, वहीतल्या चारही नोंदींचे उत्तर एका कापलेल्या व्हॉल्व्हमध्ये होते. हीटर लावला असता तर तो कोमटच राहिला असता आणि दोष पहिल्या आठवड्यातच कळला असता; पण सोलापुरात गाडीचा हीटर लावतो कोण?

नवा थर्मोस्टॅट घरासकट आणला. रेडिएटर काढून बाहेर साफ करून घेतला आणि आतली वाट स्वच्छ होईपर्यंत पाच वेळा पाणी बदलले. पहिले विटकरी आले, पाचवे जवळजवळ नितळ. शेवटची धुलाई डिस्टिल्ड वॉटरने केली. इथे एक बारकावा आहे. कितीही काढले तरी इंजिनच्या पोटात थोडे पाणी राहतेच, म्हणून आधीच निम्मे-निम्मे कालवलेले कुलंट ओतले तर ते पातळ होते. पुस्तिकेत दिलेल्या एकूण क्षमतेच्या निम्मे शुद्ध कुलंट आधी ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. रंगावर विसंबू नये, कारण एकाच रंगाची कुलंट वेगवेगळ्या रसायनांची असू शकतात. डब्यावरचा प्रकार पुस्तिकेशी जुळवावा. रेडिएटरचे झाकणही बदलले, कारण त्याच्या दाबावरच पाण्याचा उकळबिंदू आणखी वर जातो आणि रबर कडक झाले की तो आधार निघून जातो.

"मालक, हा गाळच गळती धरून बसलेला असतो," असे अण्णांनी धुताना बजावले होते. नवव्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा हिरवा डाग दिसला. वॉटर पंपाचे सील झिरपत होते. पंप आणि त्याच्याबरोबर पट्टा बदलावा लागला. घरी या खर्चाचे समर्थन करताना मला थोडे जड गेले, कारण धुण्यापूर्वी गाडी गळत नव्हती ही गोष्ट खरीच होती.

मीटर १ लाख ५० हजारांच्या जवळ आला तेव्हा ठरल्याप्रमाणे ऑइल पुन्हा बदलले. अण्णांनी बोट बुडवले, हुंगले, आणि इंजेक्टरचा विषय काढला नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दोन वाजता, एसी लावून, चौघांना घेऊन तुळजापूरचा घाट चढलो. आकडा ९१ वरून ९७ पर्यंत गेला, पंखा लागला, आणि वर पोहोचेपर्यंत पुन्हा ९२ वर आला. सपाट रस्त्यावर ॲव्हरेज आता १९ च्या पुढे असते. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन डिकीत कायम ठेवला होता. परवा शेजारच्या काकूंनी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मागितला म्हणून त्यातला निम्मा त्यांना दिला.