सर, क्लिप बंद करा ना

मी केबिन क्रूला सेफ्टी शिकवतो. आधी बरीच वर्षं स्वतः फ्लाय केलं, आता ट्रेनिंगला आहे. रिफ्रेशर कुणालाच चुकत नाही, कितीही सीनियर असो, आणि जेवणानंतर वर्ग हमखास पेंगायला लागतो म्हणून मी एक गोष्ट वर्षानुवर्षं करत आलो होतो, विमान अपघातावरच्या एका सिनेमातला क्रॅशचा सीन लावायचो. छत फाटतंय, माणसं सीटसकट बाहेर फेकली जातायत, किंकाळ्या, आग. दोन मिनिटांत सगळे ताठ. भीती बसली की माणूस नीट शिकतो असं माझं पक्कं मत होतं.

त्या दिवशी बाराजणांची बॅच होती. क्लिप निम्म्यावर आली असेल तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक सीनियर म्हणाली, "सर, बंद करा ना ते." मी घाईघाईने पॉज केलं. तिचं मला माहीत होतं, काही वर्षांपूर्वी तिच्या फ्लाइटला सर्व्हिस चालू असताना मागच्या बाजूला जळका वास यायला लागला, मग धूर, विमान जवळच्या एअरपोर्टला उतरवलं आणि स्लाइडवरून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. सगळे सुखरूप होते, पण अशा गोष्टी माणूस विसरत नाही. मी सॉरी म्हटलं, थोडा वेळ बाहेर बसायचंय का विचारलं.

"नाही सर, मला त्रास नाही झाला. तेच तर सांगतेय. एवढी माणसं मरताना दाखवतायत आणि मला काहीच होत नाहीये, त्याचंच वाईट वाटतंय."

मग ती बोलली. तिची पोझिशन पुढे होती, मागच्या धुराचा पुढच्या पॅसेंजरना अजून पत्ता नव्हता. कॅप्टनने क्रूला सांगितलं होतं, वेळ किती आहे, काय तयारी करायची. तिने ट्रॉली गॅलीत ढकलली पण लॅच फिरेना, पुन्हा बाहेर ओढून ढकलली तेव्हा बसली. राहिलेले कप गोळा करायला ती केबिनमध्ये आली. पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी कॉफी संपवली, टिश्यूची नीट घडी घातली, पुन्हा एकदा घडी घातली, ती कपात ठेवली आणि कप दोन्ही हातांनी तिच्याकडे दिला. थँक यू म्हणाले. "त्यांना काही माहीत नव्हतं सर, मला सगळं माहीत होतं. आणि मी हसून वेलकम म्हटलं. आजही कुणी टिश्यूची अशी घडी घालून कपात ठेवली की माझ्या पोटात गोळा येतो."

वर्गात कुणी काही बोललं नाही. मलाही पुढे काय शिकवायचं ते सुचेना.

हे मला आधीच का नाही कळलं, याचं मला खरंच वाईट वाटलं कारण मीही त्याच जम्पसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या सीटवर बसलोय. पॅसेंजर कॅमेऱ्याच्या जागेवरून बघतो, पुढची सीट, खिडकी, पंख. आमच्या बऱ्याचशा जम्पसीट्स उलट्या असतात, आम्हाला चेहरे दिसतात. आणि टेकऑफ-लँडिंगला आम्ही गप्प बसलेले दिसतो तेव्हा आत सायलेंट रिव्ह्यू चालू असतो, माझं दार कुठलं, ते कसं उघडायचं, बाहेर आग असेल तर काय, मदतीला कुणाला घ्यायचं, काय ओरडायचं. शेवटच्या क्षणीही माणूस काहीतरी काम करत असतो. सिनेमात ते काम दिसलं की माझ्यासारख्याला रडू येतं, नुसता स्फोट दिसला की नाही येत. स्फोट काय, आता कॉम्प्युटरवर कुणालाही करता येतो.

मी ती क्लिप काढून टाकली आणि लॅपटॉपवर 'सली' हा सिनेमा होता, त्यातला तुकडा लावला. १५ जानेवारी २००९ ची यूएस एअरवेज १५४९, पक्ष्यांच्या थव्याने दोन्ही इंजिनं गेली आणि विमान हडसन नदीत उतरवलं, १५५ जण होते, सगळे वाचले. पक्षी धडकल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत साधारण साडेतीन मिनिटं. कॅप्टनने फक्त 'ब्रेस फॉर इम्पॅक्ट', म्हणजे धडकेसाठी अंग सावरून बसा, एवढंच सांगितलं होतं, आपण पाण्यात उतरतोय हे मागे केबिन क्रूला माहीतसुद्धा नव्हतं. त्या बायका फक्त ओरडत राहिल्या, "ब्रेस, ब्रेस, ब्रेस! हेड्स डाऊन, स्टे डाऊन!" एका सुरात, न थांबता. खऱ्या कॅप्टनने नंतर सांगितलंय की बंद दारातून तो आवाज ऐकू आला आणि धीर वाटला. सिनेमाने ते तसंच ठेवलंय, वर मोठं संगीत ओतलेलं नाही.

मी स्क्रीनकडे बघतच नव्हतो, वर्गाकडे बघत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आरोळीलाच सगळ्यांची पावलं जमिनीवर सपाट टेकली. मग एकेकाचे हात मांड्यांखाली गेले, डोकी खुर्चीच्या पाठीला टेकली. कुणी सांगितलं नव्हतं. ओठ हलत होते. ती सीनियर रडत होती आणि रडता रडता तिचेही ओठ हलत होते, ब्रेस, ब्रेस, ब्रेस. माझे तर डोळे भरूनच आले.

त्याच सिनेमातली चौकशी मात्र मला अजिबात पटत नाही आणि ते मी वर्गात सांगितलंच. तपास करणारे जणू कॅप्टनला दोषी ठरवायलाच बसलेत असं दाखवलंय. खऱ्या तपासात तसं वैर नव्हतं, आणि निर्णय घ्यायला माणसाला लागणारा वेळ धरून ३५ सेकंद उशिरा एअरपोर्टकडे परत वळवलं तर विमान रनवेपर्यंत पोचत नाही, ही सिम्युलेटर टेस्ट तपासाचाच भाग होती. अपघाताचा तपास दोष ठरवायला नसतो, पुन्हा तसं होऊ नये म्हणून असतो. हे सिनेमा बघून उलटं डोक्यात बसलं तर उद्या आमची पोरं छोटी चूक रिपोर्ट करायला घाबरतील. नाट्य पाहिजे हे कळतं, पण त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी का मोजायची?

मग 'युनायटेड ९३' चा विषय निघाला. तो २००६ चा सिनेमा, त्यात ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या दिवशी अमेरिकेतली सगळी विमानं खाली उतरवण्याचा आदेश देणारे बेन स्लायनी स्वतःच स्वतःच्या भूमिकेत आहेत. ते मोठं काही बोलत नाहीत. फोन घेतात, विचारतात, पुन्हा विचारतात. माहिती अर्धवट असताना काम करणाऱ्या माणसाचा चेहरा असा असतो.

चारला मॉक-अपमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली केबिनमध्ये, ड्रिल होती. आत धूर सोडला, दिवे घालवले. एक नवीन मुलगी नेहमी कमांड तोंडातल्या तोंडात बोलायची, तिला मी टोकियोच्या हानेडा एअरपोर्टचं सांगितलं. २ जानेवारी २०२४, जपान एअरलाइन्स ५१६, अनाउन्समेंट सिस्टीम बंद पडलेली, मेगाफोन आणि नुसत्या घशावर ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर काढले. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली.

पहिल्या दाराशी ती सीनियर होती. धुरात मला फक्त तिची पाठ दिसत होती. तिने आधी खिडकीतून बाहेर बघितलं, मग हँडल फिरवलं, दार ढकललं, "कम धिस वे! लीव्ह एव्हरीथिंग!" आणि दुसऱ्या दारावरून त्या नव्या मुलीचा आवाज आला, फाटलेला, पण मॉक-अपच्या टोकापर्यंत पोचणारा. मी स्टॉपवॉच दाबायचं विसरलो. ड्रिल पुन्हा घ्यावी लागली, आणि कुणीही कुरकुर केली नाही.