पेनचं वजन किती, एवढंच विचारलं होतं

महागडं फाउंटन पेन ऑनलाइन मागवताना मी निब पाहिलं, कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी आतली सुटी नळी) पाहिला, टोपण आट्याचं आहे ना तेही पाहिलं. वजन पाहिलं नाही. नावात ‘ब्लॅक लॅकर’ होतं, खाली तक्त्यात ‘मटेरियल : रेझिन’. रेझिन हे एक प्रकारचं प्लास्टिक, म्हणजे हलकंच असणार, असं धरून चालले. पेन आलं, शाई भरली आणि दुसरं पान संपायच्या आत अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली.

दांडी उघडली तर आतून पिवळीधमक. लॅकर हा फक्त वरचा पातळ थर, खाली अख्खी पितळेची नळी! पितळ एका घनसेंटिमीटरला साधारण 8.5 ग्रॅम भरतं, ॲक्रिलिक रेझिन आणि एबोनाइट (कडक केलेलं रबर) 1.2 च्या आसपास. धातूची नळी पातळ ठेवता येते म्हणून पेन सातपट जड होत नाही, पण दुपटीच्या पुढे सहज जातं.

बदलून मागायचं ठरवलं आणि तिथेच अडकले. विक्रेत्याच्या फॉर्मवर कारणं तीनच : तुटलेलं, चुकीचं, इतर. ‘इतर’ निवडून मी विचारलं, पेनचं वजन किती? आठवड्याने उत्तर आलं, 410 ग्रॅम. ते खोक्यासकट होतं! पुन्हा लिहिलं, नुसत्या पेनचं सांगा. उत्तर : ‘मटेरियल रेझिन आहे.’ आतल्या नळीचा फोटो पाठवला, तर म्हणे रेझिनच्या पेनांतही पितळेचे भाग असतात. हे खोटं नाही, म्हणून तर जास्त चीड आली. पेलिकन कंपनीचं एम 800 हे पेन रेझिनचंच, पण त्याचा शाई ओढणारा पिस्टन पितळेचा, आणि त्याच कंपनीच्या एम 600 च्या मानाने ते हाताला चांगलंच भारी लागतं. पण माझ्या पेनची सगळी दांडीच पितळेची होती, आणि ते कुणी वाचायलाच तयार नव्हतं. चौथ्या मेलला ‘वजन हा दोष धरला जात नाही’ असं उत्तर आलं, तेव्हा मी अक्षरशः टेबलावर हात आपटला. वजन दोष आहे असं मी म्हटलंच नव्हतं. तक्त्यात लिहिलंय ते हातात आलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

शेवटी 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणला. पूर्ण पेन 47.3, टोपण 18.1. दोन्ही फोटो, शिवाय पेन बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातली ‘पितळ, वर लॅकर’ ही ओळ, असं एकत्र पाठवलं. दोन दिवसांत होकार! हे माहितीपत्रक मी पहिल्याच दिवशी शोधायला हवं होतं. तुम्ही तरी पेन मागवायच्या आधी शोधा.

आणि टोपणाचं वजन वेगळं विचारा. मी लिहिताना टोपण मागे लावते. पितळेचं टोपण मागे गेलं की पेन मागे ओढतं आणि बोटं निबाशी आवळली जातात. एकूण आकडा तोच असला तरी भार पुढे असेल तर हात कमी थकतो.

धातूच हवा असेल तर टायटॅनियम (घनसेंटिमीटरला 4.5 ग्रॅम) किंवा ॲल्युमिनियम (2.7) बघा. स्टर्लिंग चांदी पितळेहूनही जड, 10.4 च्या आसपास. कावेको स्पोर्ट हे पेन एकाच घडणीत प्लास्टिक, ॲल्युमिनियम आणि पितळ अशा तिन्हींत मिळतं. तिन्ही एकामागून एक हातात घेतली की आकडे लक्षात ठेवायची गरजच उरत नाही. सोन्याच्या निबाची धास्ती मात्र नको, ते जेमतेम ग्रॅमभर.

बदलून एबोनाइटचं घेतलं. टोपणासकट 22.4, टोपण काढून 14.6. काल सलग सहा पानं लिहिली आणि पेनकडे लक्षही गेलं नाही. हो, वजन विचाराल तेव्हा शाईसकट की रिकामं, तेही विचारा. मिलिलिटरभर शाई म्हणजे साधारण एक ग्रॅम.